दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवर ‘ॲक्सेस डिनाइड’ आलं? घाबरू नका, आधी कुठलं दार बंद आहे ते बघा

सकाळी सहाची वेळ. काट्यावर दूध, मागं रांग, आणि कॉम्प्युटरवर दुधाच्या नोंदीऐवजी इंग्रजीत एकच ओळ : ‘ॲक्सेस डिनाइड फॉर युजर...’. अशा वेळी पहिला शब्द तोंडातून निघतो तो म्हणजे ‘डेटा उडाला’. मग वहीत नोंदी सुरू होतात, सॉफ्टवेअरवाल्याला फोन जातात, आणि दहा दिवसांचं बिल लांबणार म्हणून गवळी अस्वस्थ.

ही ओळ आली म्हणजे डेटा गेला असं नाही. उलट, सर्व्हर जिवंत आहे, त्यानं तुमचं म्हणणं ऐकलं आणि ‘तुम्हाला आत सोडणार नाही’ असं उत्तर दिलं, एवढाच त्याचा अर्थ. फॅट, एसएनएफ, लिटर, उचल सगळं आपल्या जागी असतं. खरं नुकसान होतं ते पुढच्या तासाभरात, घाईघाईनं केलेल्या दुरुस्तीनं.

दूध संस्था, पतसंस्था, सोसायटी, कृषी सेवा केंद्र, शाळा. यातल्या बऱ्याच ठिकाणच्या सॉफ्टवेअरमागं मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस असतो, किंवा त्याचाच भाऊ मारियाडीबी. (मायएसक्यूएल १९९५ ला स्वीडनमध्ये तयार झाला. ‘माय’ आणि ‘मारिया’ या तो बनवणाऱ्या माँटी विडेनियस यांच्या मुली.) समोर दिसतं ते सॉफ्टवेअर म्हणजे फक्त खिडकी. खरी खतावणी डेटाबेसमध्ये असते. तो ज्या कॉम्प्युटरवर बसवलाय तो सर्व्हर, आणि बाकीचे काउंटरचे कॉम्प्युटर वायफायवरून किंवा वायरनं त्याच्याशी बोलतात. ही माहिती त्या मायएसक्यूएल आणि मारियाडीबीपुरती आहे. हुकूम वाचायला सोपे जावेत म्हणून इथं मराठी अक्षरांत दिलेत. कॉम्प्युटरवर ते इंग्रजीतच टाईप करायचे, शेवटी अर्धविराम द्यायचा.

आधी फोटो, मग बटणं

ओके दाबून ती चौकट घालवू नका. मोबाईलवर फोटो काढा, कंसातले आकडे नीट दिसले पाहिजेत. ‘काहीतरी एरर येतोय’ असं फोनवर सांगितलं तर समोरचा अंदाजानं औषध देतो. आकडा सांगितला तर निम्मं काम तिथंच होतं.

बघायची पहिली गोष्ट अशी : आपण सर्व्हरपर्यंत पोचलोच नाही, की पोचलो आणि त्यानं दारात अडवलं? दोन्हीला लोक ‘ॲक्सेसचा प्रॉब्लेम’च म्हणतात, पण इलाज अगदी वेगळे आहेत.

२००३ : घरच सापडलं नाही

आकडा २००३ असेल तर पासवर्डच्या नादाला लागू नका. तुमचा पासवर्ड कुणी विचारलेलाच नाही. विंडोजवर या ओळीच्या शेवटी कंसात आणखी एक आकडा येतो, त्याकडं बघा. १००६१ असेल तर तो कॉम्प्युटर सापडला, पण मायएसक्यूएलच्या दारावर, म्हणजे ३३०६ नंबरच्या पोर्टवर, कुणी बसलेलं नाही. बहुतेक वेळा सर्व्हिस बंद पडलेली असते. सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर ‘सर्व्हिसेस’ उघडून मायएसक्यूएलच्या नावापुढं ‘रनिंग’ लिहिलंय का ते बघा. नसेल तर ‘स्टार्ट’.

१००६० असेल तर कुणी हो-नाहीसुद्धा म्हटलं नाही, वाट बघून कंटाळा आला. आपल्याकडं याचं नेहमीचं कारण म्हणजे लाईट. रात्री लाईट जाते, राउटर बंद होऊन पुन्हा चालू होतो, आणि सर्व्हरला कालपर्यंत असलेला १९२.१६८.१.५ हा पत्ता आज दुसऱ्याच कॉम्प्युटरला किंवा कुणाच्या तरी मोबाईलला देऊन टाकतो. काउंटरचं सॉफ्टवेअर जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसतं. सर्व्हरवर काळी खिडकी उघडून ‘आयपीकॉन्फिग’ टाईप केलं की आजचा पत्ता दिसतो. कायमचा उपाय राउटरमध्ये आहे : सर्व्हरसाठी तो पत्ता राखून ठेवायचा. एसटीत रुमाल टाकून जागा धरतो तसंच, फक्त इथं रुमाल कुणी उचलत नाही.

पत्ता बरोबर असून १००६० येत असेल तर फायरवॉल बघा. नवा राउटर लावला की विंडोजला ते नेटवर्क अनोळखी वाटतं आणि ते त्याला ‘पब्लिक’ ठरवतं. फायरवॉलमधली परवानगी ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरती दिलेली असेल तर ती लागूच होत नाही. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट’ करा. आणि पिंग करून उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं धरू नका. विंडोजची फायरवॉल पिंगला गप्प बसवून ठेवते आणि तरी ३३०६ चं दार उघडं असू शकतं. पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला सर्व्हरचा पत्ता आणि पोर्ट ३३०६ देऊन विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

१०४५ : नाव तेच, माणूस वेगळा

सगळ्यात जास्त दिसणारा आकडा हाच. आणि सगळ्यात जास्त वेळ इथंच वाया जातो, कारण सगळे पासवर्ड बदलत बसतात.

ओळ साधारण अशी असते : ॲक्सेस डिनाइड फॉर युजर ‘काउंटर’ ॲट ‘१९२.१६८.१.७’, युजिंग पासवर्ड यस. यात तीन गोष्टी आहेत. आलेल्याचं नाव, तो कुठून आला तो पत्ता, आणि त्यानं पासवर्ड दिला की नाही.

शेवटी ‘नो’ असेल तर सॉफ्टवेअरनं पासवर्ड पाठवलेलाच नाही. त्याची सेटिंगची फाईल कोरी झालीय किंवा अपडेट करताना नवी आली. तिथं सर्व्हरचा काही दोष नाही.

‘यस’ असेल तर मात्र मायएसक्यूएलची एक रीत समजून घ्यावी लागते. त्याच्याकडं नुसत्या नावानं खातं नसतं. नाव आणि पत्ता मिळून एक खातं होतं. गावात दोन सखाराम असतात, एक वरच्या आळीचा, एक खालच्या आळीचा. नाव सारखं म्हणून एकाची चावी दुसऱ्याच्या घराला लागत नाही. तसं ‘काउंटर ॲट लोकलहोस्ट’ हे एक खातं आणि ‘काउंटर ॲट १९२.१६८.१.७’ हे दुसरं. दोघांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकार वेगळे असू शकतात, किंवा दुसरं खातं मुळात नसेलच. म्हणूनच सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर चालतं आणि शेजारच्या काउंटरवर त्याच नावानं, त्याच पासवर्डनं चालत नाही. ‘लोकलहोस्ट’ म्हणजे याच कॉम्प्युटरवरून आलेला. काउंटरवरून आलेला त्यात बसत नाही.

खरं काय ते बघायला सर्व्हरवर मुख्य खात्यानं, म्हणजे रूटनं, आत जाऊन ‘सिलेक्ट युजर, होस्ट फ्रॉम मायएसक्यूएल डॉट युजर’ असं विचारा. सगळी खाती पत्त्यासकट समोर येतात. तुमच्या काउंटरच्या पत्त्याला जुळणारी ओळ त्यात नसेल तर रोग सापडला.

नवं खातं करताना एकाच कॉम्प्युटरचा पत्ता लिहिला तर लाईट गेल्यावर पुन्हा तीच कथा. ‘१९२.१६८.१.’ लिहून पुढं टक्क्याचं चिन्ह दिलं की संस्थेच्या आतल्या सगळ्या कॉम्प्युटरना ते खातं चालतं. नुसतं टक्क्याचं चिन्ह मात्र देऊ नका. त्याचा अर्थ जगातून कुठूनही.

एक चकवा जुन्या सर्व्हरवर भेटतो. खात्यांच्या यादीत नाव कोरं असलेली एक ओळ असते, बिननावाचा पाहुणा, पत्ता लोकलहोस्ट. मायएसक्यूएल आधी पत्ता जास्त नेमका असलेली ओळ पकडतो. त्यामुळं तुमचं ‘काउंटर ॲट टक्का’ हे खातं बरोबर असूनही सर्व्हर तुम्हाला बिननावाचा पाहुणा समजतो आणि पासवर्ड चुकला म्हणतो. कसंबसं आत जाता येत असेल तर ‘सिलेक्ट युजर(), करंट_युजर()’ असं विचारा. पहिलं उत्तर म्हणजे तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं म्हणजे सर्व्हरनं तुम्हाला कोण मानलं. दोन्हीत फरक दिसला की गोम कळली. ते बिननावाचं खातं काढून टाकलेलंच बरं.

११३० हा याचाच चुलतभाऊ. तिथं त्या पत्त्यावरून येणारं कुठलंच खातं नाही, म्हणून नावही न विचारता परत पाठवलं जातं.

जुनं सॉफ्टवेअर, नवा सर्व्हर

नवा कॉम्प्युटर घेतला, त्यावर नवा मायएसक्यूएल टाकला आणि जुनं सॉफ्टवेअर ‘कॅशिंग शा टू पासवर्ड’ असं काहीतरी म्हणून अडलं, हे आता बऱ्याच ठिकाणी होतंय. २०१८ ला आलेल्या ८.० पासून पासवर्ड तपासायची पद्धत बदलली. जुन्या सॉफ्टवेअरला ती येत नाही. आकडा २०५९ किंवा १२५१ येतो. जुनी ‘नेटिव्ह पासवर्ड’ पद्धत त्या एका खात्यापुरती चालू करून काम भागतं, पण २०२४ च्या ८.४ मध्ये ती आपोआप बंद असते आणि ९.० मधून काढूनच टाकली. म्हणजे तो काही महिन्यांचा टेकू आहे. सॉफ्टवेअरवाल्याकडून डेटाबेसला जोडणारा भाग नवा मागून घ्या, तो त्याचाच विषय आहे.

व्हिडिओ बघून काम करणाऱ्यांसाठी अजून एक. जुन्या व्हिडिओत ‘ग्रँट’ या एकाच हुकमात खातंही होतं आणि पासवर्डही लागतो. ८.० पासून तसं चालत नाही. आधी ‘क्रिएट युजर’, मग ‘ग्रँट’. हुकूम चुकला म्हणून पोरं तासन्तास बसतात, आणि चूक त्यांची नसते.

आत आलात, पण कपाट उघडत नाही

१०४४ म्हणजे पासवर्ड बरोबर, पण त्या डेटाबेसचा अधिकार नाही. ११४२ म्हणजे एखाद्या टेबलावर एखादं काम करायचा अधिकार नाही, आणि कुठलं काम तेही ओळीतच लिहिलेलं असतं : ‘अपडेट कमांड डिनाइड’ म्हणजे वाचता येतंय, बदलता येत नाही.

‘शो ग्रँट्स फॉर’ आणि पुढं खात्याचं नाव-पत्ता दिलं की काय काय दिलंय ते दिसतं. त्यात ‘ग्रँट युसेज’ अशी ओळ दिसली की लोकांना वाटतं अधिकार आहे. नाही. ‘युसेज’ म्हणजे फक्त उंबरठ्याच्या आत यायची परवानगी, आत हात कशालाच लावायचा नाही.

आता इथंच ती मोठी चूक होते. रांग ताटकळलेली असते, सचिव डोक्यावर उभे असतात, आणि कुणीतरी म्हणतं, ‘देऊन टाक ना सगळे अधिकार.’ मग ‘ग्रँट ऑल ऑन स्टार डॉट स्टार’, नाहीतर सरळ काउंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये रूटचं नाव-पासवर्ड. पाच मिनिटांत काम चालू. सगळे खूश.

एका गावच्या संस्थेत असंच चालू होतं. सगळ्या काउंटरवर रूट. पुढं महिन्याभरानं एका सभासदाच्या तीन दिवसांच्या फॅटचे आकडे बदललेले निघाले. त्याच्याकडं पावत्या होत्या, ४.२ च्या. कॉम्प्युटरमध्ये ३.६. कुणी बदललं? तिन्ही काउंटर एकाच नावानं आत जाणारे, त्यामुळं डेटाबेसच्या दृष्टीनं तिघंही एकच माणूस. मुद्दाम की चुकून, हेही शेवटपर्यंत कळलं नाही. ज्या मुलीवर संशय घेतला तिनं काम सोडलं. पैशाचा फरक संस्थेनं भरून दिला, तिच्या नावाचं काय ते कुणी भरून दिलं नाही.

प्रत्येक माणसाचं वेगळं खातं आणि कामापुरता अधिकार, हे मोठ्या बँकांचं खूळ नाही. काउंटरच्या खात्याला बघणं आणि नवी नोंद करणं पुरतं : ‘ग्रँट सिलेक्ट, इन्सर्ट ऑन दूधसंस्था डॉट स्टार टू काउंटर१ ॲट’ आणि पुढं पत्ता. नोंद बदलायचा अधिकार, म्हणजे ‘अपडेट’, सचिवांच्या खात्याला. ‘डिलीट’ आणि ‘ड्रॉप’ रोजच्या कामाच्या कुठल्याच खात्याला नको. सॉफ्टवेअर एखाद्या टेबलावर अपडेट मागत असेल, उदाहरणार्थ पावती नंबरसाठी, तर तेवढ्या टेबलावर द्या. ११४२ ची ओळ टेबलाचं नाव सांगतेच. चार वेळा अडेल, चार वेळा द्यावं लागेल, पाचव्या दिवशी गाडी रुळावर येते. सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकच खातं वापरत असेल आणि वेगळं करता येत नसेल, तर ते सॉफ्टवेअरवाल्याला वार्षिक सभेत सगळ्यांसमोर विचारा.

‘ग्रँट’ दिल्यावर ‘फ्लश प्रिव्हिलेजेस’ करायची गरज नसते, सगळीकडं लिहिलेलं असलं तरी. खात्यांच्या टेबलात हातानं बदल केला असेल तरच ते लागतं. मात्र संपूर्ण सर्व्हरचा अधिकार दिला किंवा काढला असेल तर सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. आधीपासून आत असलेल्याला तो बदल कळत नाही. रूट काढून घेतला म्हणून निश्चिंत झालात आणि काउंटर दिवसभर उघडाच राहिला, तर तो दिवसभर रूटच असतो.

फॉरमॅट मारल्यानंतरचं दुखणं

कॉम्प्युटर फॉरमॅट केला, बॅकअप चढवला, नोंदी दिसतात, पण बिल काढायला गेलं की १४४९ : ‘डिफायनर’ म्हणून लिहिलेला युजर अस्तित्वात नाही. इथं भलेभले गोंधळतात.

कारण साधं आहे. एका डेटाबेसचा बॅकअप घेतला की त्यात तुमची टेबलं येतात, खाती आणि अधिकार येत नाहीत. ते ‘मायएसक्यूएल’ नावाच्या वेगळ्याच डेटाबेसमध्ये राहतात. घरातलं सामान नवीन घरी नेलं आणि चाव्यांचा जुडगा जुन्या घरीच राहिला. बिलाचा हिशोब करणाऱ्या आत साठवलेल्या प्रोसिजर आणि व्ह्यू मात्र ‘मी अमक्याच्या अधिकारानं चालतो’ असं त्या जुन्या खात्याचं नाव सांगत राहतात. त्याच नावाचं, त्याच पत्त्याचं खातं पुन्हा करा, त्याला त्या टेबलांचे अधिकार द्या, बिल निघतं.

हे टाळायचं तर बॅकअप घ्यायच्या दिवशीच प्रत्येक खात्याचं ‘शो क्रिएट युजर’ आणि ‘शो ग्रँट्स’चं उत्तर एका फाईलमध्ये साठवून बॅकअपशेजारी ठेवा. दहा मिनिटांचं काम आहे.

बॅकअपऐवजी डेटाचा फोल्डरच उचलून नव्या जागी चिकटवला तर सर्व्हिस सुरूच होत नाही, असंही होतं. ‘एररकोड १३, परमिशन डिनाइड’ असं तिथल्या ‘ईआरआर’ शेपटीच्या फाईलमध्ये लिहिलेलं सापडेल. हा १३ मायएसक्यूएलचा नाही, विंडोज किंवा लिनक्सचा आहे. फोल्डर वाचायचा हक्क सर्व्हिसच्या खात्याला मिळालेला नाही. तो द्या. लिनक्सवर फोल्डरचा मालक ‘मायएसक्यूएल’ करा, पण सगळ्यांना सगळं उघडं करणारा ‘७७७’ मारू नका. सेटिंगची फाईल कुणालाही बदलता येईल अशी ठेवली तर मायएसक्यूएल ती वाचायलाच नकार देतो, मग नवा घोळ.

घरून बघायचंय म्हणून

चेअरमनना घरून, किंवा पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाला तिथून आकडे बघायचे असतात. त्यासाठी राउटरमधून ३३०६ चं दार थेट इंटरनेटवर उघडून द्यायचा सल्ला मिळतो. देऊ नका. २०१७ च्या सुरुवातीला जगभरातले असे उघडे मोंगोडीबी आणि मायएसक्यूएल सर्व्हर शोधून त्यातला डेटा पुसला गेला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागणारी चिठ्ठी आत ठेवली गेली. हे काम माणूस बसून करत नाही. प्रोग्राम रात्रंदिवस पत्ते चाचपत फिरतात, त्यांना तुमची संस्था लहान की मोठी याच्याशी घेणं नसतं. घरून बघायचं तर व्हीपीएन लावून, आणि फक्त ‘सिलेक्ट’ असलेल्या खात्यानं. झॅम्पसारखं पॅकेज टाकलं असेल तर रूटचा पासवर्ड कोराच असतो. ते शिकायला आणि प्रोग्राम तपासायला बनवलंय, सभासदांचे पैसे ठेवायला नाही. पासवर्ड लावा.

रूटचाच पासवर्ड विसरला तर

बऱ्याच ठिकाणी ‘स्किप ग्रँट टेबल्स’ करा असं सांगतात. त्यानं सगळी कुलपं एकदम निघतात, कुणीही काहीही करू शकतं, आणि नंतर ते काढायचं विसरलेले सर्व्हर काही कमी नाहीत. विंडोजवर त्यापेक्षा बरा मार्ग आहे. नोटपॅडमध्ये एकच ओळ लिहा : ‘आल्टर युजर रूट ॲट लोकलहोस्ट आयडेंटिफाइड बाय’ आणि नवा पासवर्ड. सर्व्हिस थांबवा, काळ्या खिडकीतून ‘इनिट-फाईल’ला त्या फाईलचा पत्ता देऊन सर्व्हर सुरू करा. सुरू होताना तो ती ओळ स्वतःच चालवतो. मग सर्व्हर थांबवून सर्व्हिस नेहमीसारखी सुरू करा आणि ती नोटपॅडची फाईल पुसून टाका, पासवर्ड उघडा लिहिलाय तिच्यात. नवा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात, पाकीट संस्थेच्या तिजोरीत. कॉम्प्युटरच्या स्क्रीनला चिकटवलेली चिठ्ठी चालणार नाही.

एवढं करूनही अडलं तर सॉफ्टवेअरवाल्याला फोटो पाठवा, सोबत लिहा : एकाच काउंटरवर येतंय की सगळ्यांवर, सर्व्हरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर चालतं का, कालपासून काय बदललं (लाईट, राउटर, अपडेट, नवा कॉम्प्युटर), आणि ‘शो ग्रँट्स’चं उत्तर. पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, फोनवर सांगा, आणि काम झालं की त्याच दिवशी बदला. तो रिमोटनं तुमच्या कॉम्प्युटरवर आला असेल तर तो गेल्यावर ‘सिलेक्ट युजर, होस्ट’ पुन्हा एकदा चालवा. सकाळी नव्हतं असं एखादं खातं संध्याकाळी दिसलं तर ते कशासाठी केलं, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.